डाव्या पंखातली खोट

अहो, पेपरात तुमचा फोटो आला. चष्म्यातला, तुम्हाला मुळीच न आवडणारा. दुसरा सापडेना, काय करू? बाकी सगळ्या फोटोंत तुम्ही तोंड वर करून आभाळाकडे बघताय, आणि आम्हाला दिसते ती नुसती हनुवटी. खाली नाव, गाव, दशक्रिया कुठे, शोकाकुल कोण कोण, सगळं व्यवस्थित छापलंय. ते लोकांसाठी झालं. मला तुमच्याशी भांडायचंय. एकच गोष्ट विचारायची आहे, आणि ती विचारल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही. ते पिवळं विमान तुम्ही नापास का केलंत?

तुम्ही म्हणाल, झाली हिची सुरुवात. हो, झाली. आता मध्ये बोलायला तुम्ही नाही, तर सगळं ऐकूनच घ्या.

तुम्ही रिटायर झालात आणि घरी ते पहिलं खोकं आलं तेव्हा मी काय आकांडतांडव केलं होतं, आठवतं? लोकांचे नवरे रिटायर झाल्यावर देवदर्शनाला जातात, भाजी आणतात, निदान भिंतीला रंग देतात. माझ्या नवऱ्याने विमान आणलं. लाकडाचं, रिमोटवर उडणारं. पंख वेगळे, धड वेगळं, शेपूट वेगळी. आतला लाकडी सांगाडा कारखान्यातच चिकटवलेला, वर रंगीत फिल्म ताणून बसवलेली. आपण फक्त मोटर, बॅटरी आणि झडपा हलवणाऱ्या त्या बारक्या सर्वो मोटरी बसवायच्या, जोडायचं आणि उडवायचं. खोक्यावर इंग्रजीत काहीतरी छापलं होतं, त्याचा अर्थ तुम्ही मला सांगितला. जवळजवळ उडायला तयार.

मी म्हटलं, "जवळजवळ म्हणजे किती? मी बाईला ब्लाउज जवळजवळ शिवून दिला तर ती घेईल का?"

तुम्ही पोट धरून हसलात. मग हसता हसता गप्प झालात आणि ते खोकं पुन्हा उघडून बसलात. एकेक तुकडा दिव्यासमोर धरून बघायला लागलात. माझ्या त्या एका टोमण्याने पुढची सगळी वर्षं घरात विमानांची परीक्षा चालली, आधी तुमच्या, मग लांबून लोक घेऊन यायचे त्यांच्याही. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला म्हणा ना.

आणि परीक्षा तरी कशी! जगात कुठे होत नसेल अशी. दुसरीकडे लोक विमान टेबलावर तपासतात. आपल्या जळगावात ते आधी गच्चीवर तापवायचं. तुमचं म्हणणं, थंड गोदामात सगळीच विमानं देखणी दिसतात, आपल्या उन्हात काय होतं ते बघा. मग सकाळी सगळे तुकडे गच्चीवर मांडायचे आणि ऊन कलेपर्यंत हात लावायचा नाही. कुठे फिल्मला पुरीसारखे फुगे येतात, कुठे डिंकाचा वास सुटतो, कोणता पंख पिळवटतो, ते उतरत्या उन्हात बघायचं. त्यानंतर नखाने टकटक. लाकूड नीट चिकटलेलं असलं की एक आवाज, सुटलेलं असलं की दुसरा. बिजागऱ्या ओढून बघायच्या. दोन्ही पंख तराजूत टाकायचे. शेवटी माझ्या डब्यातला दोरा घेऊन शेपटीच्या टोकापासून पंखांच्या टोकांपर्यंत दोन्हीकडे माप घ्यायचं. आणि निकाल लागेपर्यंत, विमान घेऊन आलेल्या माणसाला चहा नाही! तो नियम तुमचा. चहा प्यायलेल्या माणसाला नापास करताना जीभ अडखळते म्हणे.

चैत्र-वैशाखात माझ्या ज्वारीच्या बिबड्या वाळायला आणि तुमचे पंख तापायला एकाच गच्चीवर. मी म्हणायची, माझ्या फडक्यावर ती पिवळी-निळी धुडं नकोत. तुम्ही म्हणायचात, तुझ्या शिजवलेल्या ओल्या घाट्याची वाफ माझ्या लाकडाला लागते. शेजारची अक्का कठड्यावरून विचारायची, "काय हो, आज विमानं वाळवायची का?"

सुरुवातीला मी नुसता दोरा द्यायची. मग दोऱ्याचं दुसरं टोक धरायला लागले. मग एकदा तुम्ही एका पंखावरून हात फिरवत होतात आणि मी पलीकडून बोट ठेवून म्हटलं, इथे आत काहीतरी मोडलंय. तुम्हाला पटेना. फिल्म कापली तर आतली पातळ पट्टी खरंच दुभंगलेली. शिवणकामात शेकडो बायकांच्या अंगावर मापं घेतलेली बोटं आहेत माझी, कापडाखाली काय आहे ते त्यांना कळतं. त्या दिवसापासून तुम्ही येईल त्याला सांगायला लागलात, हिचा हात फिरल्याशिवाय निकाल नाही. धुळ्याचा माणूस असो, शिरपूरचा असो, सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. खरं सांगू? आयुष्यात मला कुणी इतकं महत्त्व दिलं नव्हतं. तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. आता म्हणते. बरं वाटायचं हो मला, फार बरं वाटायचं.

ते फैजपूरचे केळीवाले आठवतात? चकचकीत लाल विमान, माणूसही तसाच चकचकीत. गच्चीवर दुपारी त्या लाल फिल्मला असे फुगे आले की बघवेना, आणि तुम्ही शेपटीची बिजागरी ओढलीत तर ती हातातच आली. त्यात डिंकच नव्हता, नुसती खोचलेली. "नापास," तुम्ही म्हणालात. ते लालबुंद झाले, चहा न घेता निघून गेले, आणि त्याच रविवारी हट्टाने विमान उडवलं. त्यांच्याच केळीच्या बागेत पडलं ते. शेपूट एका वावरात, धड दुसऱ्यात. आठ दिवसांनी केळीचा घड घेऊन दारात उभे, "नाना, आता दुसरं आणलंय, तपासून द्या." त्या दिवशी तुम्ही नियम मोडलात आणि आधी चहा दिलात.

आणि आपले हिलालभाऊ! तुमचे जिवाभावाचे दोस्त, धुळ्याहून दर रविवारी मोटारसायकलवर विमान बांधून येणारे. त्यांनी तर कमालच केली होती. गच्चीवरच्या उन्हात विमान नापास होऊ नये म्हणून महाशयांनी ते आणण्याआधी दोन दिवस घरी कूलरसमोर ठेवलं, थंड राहावं म्हणून. कूलरची ओल लाकडाने प्यायली, आणि इथे उन्हात ठेवल्यावर पंख असा पिळवटला की जिलबीने लाजावं. "नाना, मी तं त्याले थंड ठेवं व्हतं!" असं म्हणत ते रडकुंडीला आले होते आणि तुम्ही जिन्यात बसून हसत होतात.

आपलं एक भांडण मात्र कधी मिटलं नाही. सुरकुतीचं. फिल्मवर सुरकुती आली की मी इस्त्री घेऊन धावायची. मंद आचेवर हात फिरवला की फिल्म आक्रसते, सुरकुती जाते, विमान कसं तुळतुळीत. तुम्ही माझा हात धरायचात. आधी बघ ती का आली, मग फिरव इस्त्री. मी म्हणायची, जी इस्त्रीने जाते ती खोटच नव्हे. तुम्ही म्हणायचात, इस्त्रीने खोट जात नाही, दिसायची थांबते. किती वेळा झालं हे भांडण, देव जाणे. दोघंही आपापल्या जागी ठाम. विमान पास झालं की मात्र सगळं विसरून चाकाच्या दांडीला माझा काळा दोरा बांधायचात, नजर लागू नये म्हणून. सगळं शास्त्र तपासून झाल्यावर काळा दोरा! मी त्यावरून चिडवलं की म्हणायचात, जिथे बोट पोचत नाही तिथे दोरा पोचतो.

आता पिवळ्या विमानाकडे येते.

ते दसऱ्याच्या सुमारास आलं. तुमचं स्वतःचं, कितीतरी दिवस मनात धरलेलं. खोकं उघडताना तुमचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. गच्चीवर ठेवलंत, टकटक केलंत, दोऱ्याने मापलंत. मी हात फिरवला, मला काही लागलं नाही. तुम्ही मात्र डावा पंख पुन्हा पुन्हा उचलून बघत राहिलात आणि म्हणालात, "डाव्या पंखात काहीतरी आहे."

मी म्हटलं, "काय आहे?"

"सांगता येत नाही. पण आहे."

तुमची ही भाषा नव्हती. तुम्ही नेहमी बोट ठेवून सांगायचात, इथे डिंक कमी, इथे पीळ. दिवाळी गेली, तुम्ही पुन्हा गच्चीवर मांडलंत, पुन्हा डावा पंख. संक्रांतीला तिळाचे लाडू खाता खाता म्हणालात, आता शेपटीतही शंका येते. होळीला म्हणालात, अजून खरं ऊन कुठे लागलंय, वैशाख येऊ दे. मी वैतागले. म्हटलं, अहो, नवरीला इतक्या वेळा बघितलं असतं तर तिच्या बापाने काठी घेतली असती! पास करा नाहीतर परत पाठवा. तुम्ही माझ्यावर ओरडलात. इतक्या वर्षांत विमानावरून कधी ओरडला नव्हतात. म्हणालात, "तुला काय कळतं त्यातलं?"

मला! माझ्या बोटांवर निकाल लावणारे तुम्ही, मला असं म्हणालात. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि तुम्ही विचारायलाही आला नाहीत.

त्याच महिन्यांत मैदानावर तुमचं उडवणंही बंद झालं. पाळधीच्या पुढच्या त्या माळावर तुम्ही खुर्ची टाकून बसायचात आणि दुसऱ्यांची विमानं बघायचात, तीही खाली उतरताना. मी विचारलं तर म्हणालात, मान आखडलीय, वर बघवत नाही. मी रोज संध्याकाळी तुमच्या मानेला बाम चोळत बसायची. तुम्ही डोळे मिटून बसायचात आणि म्हणायचात, आता बरं वाटतंय. किती गोड बोललात हो.

चैत्रात मी बिबड्यांचा घाटा घेऊन वर निघाले, तुम्ही फडकं घेऊन पुढे. जिन्याच्या वळणावर थांबलात. "थांब जरा," म्हणालात आणि पायरीवर बसलात. मी मागून म्हटलं, चला की, घाटा गार होईल. एवढंच बोलणं झालं आपलं. संपलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं आणि मला विचारलं, आधी कधी चक्कर यायची का? डोळ्यांपुढे अंधारी? मी ठासून सांगितलं, नाही हो, कधीच नाही, फक्त मान दुखायची. ते म्हणाले, अशा माणसांना बऱ्याचदा आधी इशारा मिळतो, वेळेवर आलं तर बरंच काही करता येतं. मी म्हटलं, आमच्या ह्यांना इशारा मिळाला असता तर त्यांनी लगेच ओळखला असता, त्यांचं कामच ते. अशी मोठ्या तोऱ्यात बोलले मी, तुमच्या अभिमानाने.

तेरावं झालं आणि हिलालभाऊ आले. तुमच्या फोटोला हात जोडले. मग म्हणाले, मैदानावरच्या सगळ्यांच्या मनात आहे, येत्या रविवारी नानांचं पिवळं विमान उडवावं, त्यांची आठवण म्हणून. मी म्हटलं, ते नापास आहे. तुमच्या नानांनी नापास केलेलं विमान उडवायचं आणि त्यांच्या नावावर पाडायचं का? ते खाली मान घालून बसले. मला वाटलं, मी त्यांचं मन दुखावलं. मग मीच म्हणाले, वैशाख लागलाय, ह्यांना हवं होतं तसं ऊन पडलंय. मी तपासते. खोट सापडली तर खोकं बंद.

एकटीने तपासलं मी. सकाळी सगळे तुकडे वर मांडले. दुपारी गच्चीवर पाय ठेववत नव्हता, असं ऊन. ऊन कलल्यावर वर गेले आणि बसले त्या डाव्या पंखाशी. एक फुगा नाही. एक सुरकुती नाही, इस्त्री फिरवायला जागाच नाही. इंच इंच टकटक केली, एकच आवाज. बिजागऱ्या इतक्या ओढल्या की बोटांची सालं निघाली. तराजूत दोन्ही पंख सारखे. दोऱ्याचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं म्हणून ते कुकरखाली दाबून ठेवलं आणि मापलं. बरोबर. उलटं मापलं. बरोबर. मला खोट हवी होती हो! मी देवाला म्हणत होते, एक तरी सापडू दे, माझा नवरा बघून गेलाय ती.

शेवटी पंख मांडीवर घेऊन बसले आणि हिलालभाऊंना फोन लावला. म्हटलं, भाऊ, ह्यात काही नाही. तुमचा दोस्त सहा महिने काय बघत होता?

ते मग रडायलाच लागले. "वहिनी, नानास्नी शपथ घाली व्हती. दसराले मैदानमा वर दखताना त्यास्ले चक्कर उनी, मी धरं म्हनीसन पडनात नाही. मंग म्हने, हिलाल, तुन्ही वहिनीले सांगशी तं मन्ही शपथ शे तुले."

दसऱ्याला. म्हणजे विमान आलं त्याच आठवड्यात. वर बघितलं की तुम्हाला गरगरत होतं, रिमोट हातात धरायची तुम्हाला भीती वाटत होती, आणि ते कुणाला कळू नये म्हणून तुम्ही बिचाऱ्या डाव्या पंखाला नापास केलंत. विमान पास झालं असतं तर उडवावं लागलं असतं. उडवायला उभं राहिलं तर सगळ्यांना दिसलं असतं. मग मला दिसलं असतं. मी तुम्हाला दंडाला धरून दवाखान्यात नेलं असतं, फरफटत नेलं असतं!

काय मिळवलंत? सांगा ना, काय मिळवलंत? लोकांच्या विमानात केसाएवढी भेग तुम्हाला चालत नव्हती. फैजपूरच्या त्या माणसाचा राग पत्करलात, पण खोटा निकाल दिला नाहीत. आणि घरात, माझ्यासमोर, रोज खोटा निकाल. मी त्या मानेला बाम चोळत होते. माझी बोटं, जिथे तिथे मोडलेलं ओळखणारी, तुमच्या मानेवरून फिरत होती आणि दुखणं वीतभर खाली, छातीत होतं. कुणी सांगावं, तुम्हाला मला घाबरवायचं नसेल. दवाखान्याची भीती वाटली असेल. मैदानावर लोक नाना म्हणून मागे फिरायचे, ते सुटेल असं वाटलं असेल. काहीही असो, मला सांगायला हवं होतं. तीस वर्षांहून जास्त संसार केला, त्यात एवढाही माझा हक्क नव्हता?

दुसऱ्या दिवशी हिलालभाऊ आले, त्यांच्यावर मी चिडले नाही. त्यांचं तोंडच बघवत नव्हतं. शपथ मोडली असती तर दोस्त राहिला असता, पाळली म्हणून गेला, हे त्यांना आता जन्मभर पुरेल. मी त्यांना म्हटलं, विमान पास आहे, घेऊन जा. काळा दोराही मीच बांधला.

काल रविवार होता. मीही गेले मैदानावर. तुमची खुर्ची कुणीतरी मांडून ठेवली होती, त्यात मी बसले नाही. धुळे, शिरपूर, फैजपूर, सगळीकडून माणसं आली होती. प्रत्येकाने माझ्याजवळ येऊन हेच सांगितलं, वहिनी, नानांची नजर म्हणजे नजर. कधी चुकली नाही. मी मान डोलावत राहिले. हिलालभाऊंनी विमान धावपट्टीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण केली.

ते उठलं आणि वर गेलं. सगळे टाळ्या वाजवत होते. आणि मी, अहो, मी हात जोडून देवाला म्हणत होते की ते पडू दे. डावा पंख मोडू दे, आत्ता, ह्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ते पडलं असतं तर तुम्ही खरे होतात. खरंच काहीतरी दिसलं होतं तुम्हाला, माझी बोटं चुकली, आणि तुमचं जाणं निव्वळ दैवाचं, कुणाच्या हातात नसलेलं. मग मी रडून मोकळी झाले असते. एवढ्याशा लाकडाच्या विमानाने पडावं, एवढंच मागत होते मी. हिलालभाऊंनी ते वळवलं, उलटं केलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. वारा होता तरी सरळ. मी त्या डाव्या पंखावरून नजर काढली नाही.

पडलं नाही हो.